बत्ती लावण्याआधी

बाबांच्या नजरेतून आधी संध्याकाळ गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा आतला पडदा कडेकडेने सुकत चाललाय आणि याला औषध नाही. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग दिवसाची नजरही आक्रसत जाते. किती वर्षांत, ते सांगता येत नाही. बाबांनी जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "म्हणजे दिसतंय तोवर बघून घ्यायचं." त्या शांतपणाचा मला असा काही राग आला की घर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

आमचं मराठी घर उत्तरेत, गंगेकाठी, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. कार्तिकात या घाटावर उंच बांबूंना वेताच्या टोपल्या बांधतात, त्यांत दिवे ठेवून दोरीने वर चढवतात. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. बाबा दर वर्षी आजी-आजोबांच्या नावाचा दिवा चढवायला जात. संध्याकाळची नजर गेल्यानंतरच्या पहिल्याच कार्तिकात ते हट्टाने एकटे निघाले, घाटाच्या उभ्या पायऱ्यांवर पाय चुकला आणि कोपर सोलून परत आले. आईने हळद लावता लावता फर्मान काढलं: यापुढे दिवा मुलीने चढवायचा, फोटो काढून आणायचे, आणि यांनी ते सकाळी खिडकीत ऊन आलं की लॅपटॉपवर बघायचे.

फोटो हा माझा नाद. नोकरी बँकेत, पण नात्यातल्या कुणाच्याही मुंजीला कॅमेरा गळ्यात अडकवून मी हजर. तरी घाटावरच्या संध्याकाळने माझी पार फजिती केली. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स उन्हात झकास चाले; दिवेलागणीला मात्र तिचे हातपाय गळत. उजेड पुरावा म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की माणसं फरकटल्यासारखी दिसत. कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, म्हणजे आयएसओ, वाढवला की चित्रभर रवा सांडल्यासारखे दाणे. तिपाई लावावी तर त्या गर्दीत कुणाचा तरी पाय लागणार, आणि नदीतली नाव काय किंवा ज्योत काय, माझ्यासाठी थांबून थोडीच राहते? शेवटी वैतागून फ्लॅश मारला. टोपली, बांबू, शेजारच्या काकूंचा स्वेटर, सगळं पांढरंफटक आलं आणि दिवा विझल्यासारखा.

बाबांनी तो फोटो नीट न्याहाळला. "हा उजेड तुझा आहे," म्हणाले. "दिव्याचा कुठाय यात?"

ते मला लागलं, कारण खरं होतं. मग मी नदीपलीकडे रामनगरला लग्नांचे फोटो काढणाऱ्या एकाकडून त्याची जुनी लेन्स घेतली. दूरचं जवळ आणायची सोय तिच्यात नाही, जवळचं हवं तर आपणच चार पावलं पुढे जायचं. तिची सगळी पुण्याई तिच्या रुंद तोंडात. आतला पडदा पुरा उघडला की आधीच्या लेन्सच्या कितीतरी पट उजेड ती आत घेते, त्यामुळे अंधारातही शटर झटकन मिटता येतं आणि हलणारं माणूस जागच्या जागी सापडतं.

"एवढंसं?" आई म्हणाली. "आधीची चांगली लांब होती की."

"अंधारात आपल्या डोळ्यातली बाहुली मोठी होते ना, तसं आहे हे," मी सांगितलं.

"चला," बाबा म्हणाले, "घरात एकाला तरी अंधारात दिसेल."

त्यावर आम्ही तिघंही हसलो, आणि आई पदराने नाक पुसत आत गेली.

त्या कार्तिकात बाबांना घाट परत मिळाला. त्यांची नजर आता नळीतून पाहिल्यासारखी झाली होती, म्हणून ते चेहरा लॅपटॉपच्या पडद्याजवळ नेऊन फोटो तुकड्या-तुकड्याने बघत. आधी ज्योत, मग दोरी, मग दोरी ओढणारा हात. "टोकरी तिरपी बांधलीस," एकदा म्हणाले. "पुढच्या वेळी ठीक से बांध." मी तणतणले, पण मनातून मला इतका आनंद झाला होता की चहात साखर टाकायची राहिली.

या लेन्सची एक खोड आहे. पडदा पुरा उघडा असला की ती एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट दाखवते. तिच्या पुढचं-मागचं सगळं विरघळून जातं. कुणाकडे बघायचं ते आधी ठरवावं लागतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "माझंही तसंच चाललंय." मग थोड्या वेळाने, "आता घरातला दिवा काढ. तोही कित्येक दिवसांत पाहिला नाही."

आमच्या घरात दिवेलागणीला आधी देवापुढची समई लागते, मग बत्ती. आईने हात जोडून श्लोक म्हणून होईपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. ती चार-पाच मिनिटं बाबा दाराजवळच्या खुर्चीत, त्यांच्यापुरत्या पूर्ण अंधारात बसलेले असत. समईच्या जागी त्यांना फार तर एक ठिपका दिसे. बत्ती आधी लावू या, असं मी सुचवून पाहिलं होतं, तर बाबांनीच मोडता घातला. त्यांच्यासाठी घरची रीत मोडलेली त्यांना नको होती.

मी देवघराच्या कोपऱ्यात बसले आणि समईवर कॅमेरा धरला. श्लोक संपता संपता दोन-चार फोटो घेतले. माझा कॅमेरा माणूस दिसलं की आपणहून त्याचा डोळा शोधतो, आणि ती सोय बंद करायची माझ्या लक्षात राहिली नव्हती. शेवटच्या फोटोत देव विरघळले होते, समईचा नुसता सोनेरी गोळा झाला होता आणि आईचा डोळा पापणीसकट स्वच्छ उमटला होता. तिचे हात देवाकडे जोडलेले होते. नजर मात्र दाराजवळच्या खुर्चीकडे होती. डोळा काठोकाठ भरला होता.

डॉक्टरांकडून आल्यापासून आई एकदाही रडली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. तो फोटो बाबांना दाखवू नये, असंच मला वाटलं. पण सकाळी ते खिडकीशी येऊन बसले आणि म्हणाले, "सगळे दाखव. निवडून दाखवू नकोस." आई तेव्हा भाजीला गेली होती.

ते ज्योतीपासून सरकत सरकत आईच्या हातांवर आले, तिथून चेहऱ्यावर. मग कितीतरी वेळ तिथेच थांबले.

"कुणाकडे बघतेय ही?"

"तुमच्याकडे."

"रोज?"

"मला काय ठाऊक? मी डोळे मिटून हात जोडून असते."

बाबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला रडू आवरेना, म्हणून मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले.

त्या दिवशी त्यांनी दुपारी दुसऱ्यांदा दाढी केली. संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. आईने समई लावली, श्लोक म्हटले, आणि तिचा आवाज थांबला तेव्हा बाबांनी चेहरा बरोबर तिच्या दिशेने वळवला. समईचा उजेड त्यांच्या गुळगुळीत गालांवर पडला होता. ते हसत होते.

आई दचकली. "अहो, दिसतंय की काय तुम्हाला?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "तू बघ. आराम से बघ."

त्या दिवशी बत्ती लावायला आईने बराच उशीर केला.