जा, मी आहे

परभणीच्या स्टँडवर मी चाकणच्या गाडीत बसले, तेव्हा आईचा गुडघा आधीच धरलेला होता. माझा पाय निघेना. अण्णा, माझे वडील, खिडकीखालून म्हणाले, "जा बाई बिनघोर. आमी हाव की." गावात कुणी असं म्हटलं की तो भाकरी बांधून येऊन बसायचाच. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको.

इकडे आले तर हे बोलणं फारच स्वस्त! कुणाचं दुखलं-खुपलं की ग्रुपवर 'सोबत आहोत', जोडलेले हात, आणि लगेच खाली गुड मॉर्निंगची फुलं. डोकं उठायचं माझं.

मग मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधतात त्या कंपनीत, वायर हार्नेसच्या लाइनवर लागले. वायरी लावायचा बोर्ड पुढं सरकत असतो. आपण जागा सोडली की लाइन थांबते आणि लीडर सगळ्यांसमोर ओरडतो. पहिल्याच आठवड्यात मला बाथरूमला जायचं होतं, बदली बाई येईना. शेजारच्या सविताताई, चिपळूणच्या, मान वर न करता म्हणाल्या, "जा गो, मी आहे." परत आले तर माझ्याही वायरी त्याच लावत होत्या, घामानं निथळत.

गेल्या आठवड्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ऐन ऑर्डरच्या घाईत लीडर सुट्टी देईना. सविताताई त्याच्यावर उखडल्याच. "सोड तिला. तिच्या जागेवर मी डबल शिफ्ट मारते."

हॉस्पिटलात अण्णा आईच्या उशाशी स्टुलावर. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. भडभडून आलं मला. म्हटलं, "अण्णा, घरी जाऊन निजा जरा. मी हाय." त्यांना असं मी पहिल्यांदाच म्हणत होते. गाव सोडल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अण्णा पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि वळले. "कवापर्यंत हायस?"

"रविवारपर्यंत."

ते परत येऊन स्टुलावर बसले. "मग घरी जाऊन काय करू? बसतो की हितंच, तुझ्यापाशी."

आता पुन्हा लाइनवर उभी आहे. हात वायरीत, जीव त्या स्टुलापाशी. तिथं होते तेव्हा सविताताईंची अवघडलेली पाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपल्याला मोकळं करायला कुणीतरी जिथं अडकून राहतं ते घर, असं धरलं तर मला दोन घरं आहेत. आणि दोन्हीकडे 'मी आहे' म्हणायला मी मात्र एकटीच.