दम केलेलं पाणी

आमच्यात आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस केळी आणेल न आणेल, दम केलेलं पाणी मात्र आणतोच. कुराणातल्या आयती, म्हणजे अल्लाचा कलाम, पढून पाण्यावर फुंकर घालायची आणि शिफा मिळावी, गुण यावा म्हणून ते आजाऱ्याला पाजायचं. माझे सासरे माधवनगरला गाद्या भरायचे. त्यांच्या किडन्या गेल्या, सांगलीला दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि फ्रीजमध्ये बाटल्यांपुढे भाजीला जागा उरली नाही.

डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. साधं पाणी सासरे मोजूनच प्यायचे. दम केलेलं मात्र मापात धरायचे नाहीत. "ते पाणी न्हाई, दवा हाय," म्हणायचे. मी पुष्कळ भांडले. पण सासऱ्याच्या हातातून असलं पाणी हिसकावून घेणारी सून आमच्या मोहल्ल्यात अजून जन्मायची आहे. शेवटी सासऱ्यांच्या कुंडलच्या बहिणीने दम केलेल्या पाण्याचा कॅनच भरून आणला. ते पिऊन लगेच सासऱ्यांचे पाय सुजले, धाप लागली आणि रिक्षा करून आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टर चिडले. "दम केलेलं असू दे, नाहीतर मक्केहून आणलेलं जमजमचं. किडनीला ते पाणीच," म्हणाले.

घरी आल्यावर सासऱ्यांनी नवंच काढलं. "मशीनचं भ्या वाटतं मला. त्या पाण्याच्या जोरावर जात हुतो. ते बंद, तर मशीनबी बंद."

मशीन बंद म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आवं, शिफा कलामात हाय का बाटलीत?"

"कलामात."

"मग पाणी कशाला मधी? मीच येती की तुमच्यासंगं."

आणि त्या खरोखर आल्या. डोक्यावर पदर घेऊन मशीनशेजारी बसायच्या, हळू आवाजात पढायच्या आणि सासऱ्यांच्या छातीवर फुंकर घालायच्या. पहिल्या दिवशी नर्सने त्यांना उठवलं, पुढच्या खेपेला तिनेच खुर्ची आणून दिली. आधी सासरे सुई टोचल्यापासून 'काढा, काढा' म्हणायचे. आता घोरायला लागले.

रक्त मशीननेच साफ होतं, एवढं मलाही कळतं. पण भ्यालेल्या माणसाला मशीनपर्यंत कोण नेणार? त्यावरचं औषध कुठल्या मेडिकलात मिळत नाही, आमच्या घरात मिळालं. इलाज लागू पडला, हे मी कुणाहीपुढे छातीठोक सांगेन.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. त्याच दिवशी डायलिसिस. सासरे आता हटून बसणार, म्हणून मी घाबरले होते. सासऱ्यांनी मुकाट्याने टोपी घातली आणि रिक्षात जाऊन बसले. सुया टोचून झाल्यावर मला म्हणाले, "घरला फोन लाव. माझ्या तोंडापाशी धर."

त्यांनी सगळं शांतपणे पढलं आणि फोनमध्ये लांब फुंकर घातली. मी तोंड फिरवून रडले.

"पोचलं का?" त्यांनी विचारलं.

"पोचलं," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "माझ्याबिगर गेलासा व्हय?"

"गेलो की. तुला बरं कराया कुणीतरी जित्तं ऱ्हायाला पायजे."