दाराशी ठेवलेली वाटी

परवा डबे आवरताना स्टीलची एक छोटी वाटी हाती लागली आणि सिंगापुरात यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये परत राहायला आल्याची पहिली संध्याकाळ आठवली. त्याआधीची दोन वर्षं आम्ही तिघं मरीनात, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्याला, बांधून ठेवलेल्या एका जुन्या बोटीवर काढली होती. तिथे कुणी पाय ठेवला की बोट किंचित कलायची, आणि पाठमोरं असूनही कोण आलंय ते कळायचं. नवऱ्याचं वजन पडलं की लेक वर न बघताच "बाबा" म्हणायची. फ्लॅटमध्ये मात्र तो ऑफिसातून येऊन बराच वेळ दारात उभा होता. मी कांदा परतत होते, लेक चित्र काढत होती, आणि आम्हाला पत्ताच नाही. त्याचा चेहरा उतरला. लेकीला मात्र कोडं पडलं, बाबा आला तरी घर हललं कसं नाही? तिने ही वाटी पाण्याने काठोकाठ भरून दाराशी ठेवली, स्वतः शेजारी फरशीवर पालथी पडली आणि बाबाला पुन्हा आत यायला लावलं. "नॉट मूव्हिंग, ला," ती पाण्याकडे बघत तिथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. तेव्हा त्याने जोरात पाय आपटला. पाणी थरथरलं. "बाबा आला," तिने जाहीर केलं. लेक आता कॉलेजात जाते, तिला यातलं काही आठवत नाही. नवरा मात्र अजूनही आत शिरताना एकदा पाय आपटतो, आणि मी पाठमोरीच विचारते, "आलास?"