भट्टीवाल्यांचे हात

पिंपरीत औषधांचा कारखाना नवा होता आणि मीही सासरी नवी होते. दिवाळीच्या तोंडावर बायका घरी केलेली बिस्किटं पत्र्यावर मांडून स्टेशनजवळच्या भट्टीवर भाजायला नेत. भट्टीवाले मुसलमान होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कुणाचं विचारलं नाही. पिठात काय घातलंय त्यावरून ते हाक मारत. "चारोळीवाली, पत्रा घ्या." "जिरेवाली, थांबा जरा, कच्ची हायत." मी ओवावाली. माझ्या पत्र्यावर अर्धी ओव्याची खारी बिस्किटं, अर्धी वेलदोड्याची गोड.

सासूबाईंनी बजावलं होतं, म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "बिस्किटांना हात लावू नका हं." ते नुसतं "व्हय" म्हणाले आणि लांब सळईने पत्रा आत सारला.

बाहेर ओढताना सळईचा आकडा निसटला. तापलेला पत्रा भट्टीच्या तोंडाशी कलला आणि त्यांनी तो उघड्या तळव्यांवर झेलला. बिस्किटं घसरत त्यांच्या बोटांपर्यंत आली. त्यांनी बोटं आखडली, पण पत्रा सोडला नाही. तो हळूच ओट्यावर ठेवला आणि मग दोन्ही हात पाण्याच्या बादलीत बुडवले.

"ओवावाली," ते खाली बघत म्हणाले, "बिस्किटाला हात न्हाई लागला."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "त्याचा हात नाही ना लागला?"

"लागला नाही," मी म्हणाले. "भाजला."