चारशे बारा नंबरचा दीपक

मैना आमच्या गावची अंगणवाडी सेविका. पण गावात तिला मुलांपेक्षा मतदार जास्त ओळखतात, कारण अठरा वर्षं यादीचं काम तिच्याच गळ्यात आहे. लांजा तालुक्यातल्या आमच्या तीन वाड्यांतलं प्रत्येक नाव तिला पाठ आहे. कोणाची सून कोणत्या महिन्यात आली, कोण मुंबईला कायमचा गेला, कोण देवाघरी गेला, सगळं तिला विचारावं. मी तिला चिडवायचो, ‘चित्रगुप्त रजेवर गेला तर तुलाच बोलावतील.’ ती हसायची नाही. तिला विनोद कळतो, पण यादीवरचा चालत नाही.

मी इथल्या शाळेचा निवृत्त मास्तर. तेहतीस वर्षं हजेरीपत्रक लिहिलं आणि एकही खूण चुकली नाही, असं मी येता-जाता सांगत असे. आता सांगत नाही. का, ते लिहायला बसलो आहे.

आमच्या गावात एक रीत आहे. कच्ची यादी लागली की मैना ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचते. ज्याचं नाव येईल त्यानं ‘हाय’ म्हणायचं. तो मुंबईला असेल तर घरच्यानं म्हणायचं. मेलेल्याच्या नावाला कोणी बोलत नाही, मैना थांबते आणि पेन्सिलीनं खूण करते. सरकारी कागदांत ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण आमची यादी तालुक्यात सर्वांत स्वच्छ असते ती या एका शब्दामुळे.

चारशे अकरा, चिमा धोंडू शिवगण. ‘हाय.’ चारशे बारा, दीपक धोंडू शिवगण. तोच आवाज पुन्हा, ‘हाय.’

दीपक चिमाकाकूचा एकुलता मुलगा. मुंबईत एका गोदामात कामाला होता. दोन हजार अकरा साली एका सकाळी खोलीवरून कामाला निघाला तो गोदामात पोचला नाही आणि खोलीवर परतलाही नाही. पोलिसांत तक्रार झाली, इस्पितळं झाली, देवाला कौल लावून देवस्कीही झाली. धोंडू त्याच धसक्यानं गेला. त्याचा मृत्यूचा दाखला होता, म्हणून त्याचं नाव महिन्याभरात कमी झालं. दीपकचा कसलाच दाखला नव्हता. मैना घरोघर तपासणीला गेली की चिमाकाकू विचारायच्या आधीच सांगायची, ‘दीपक मुंबैला हाय.’ आणि मैना लिहायची, बाहेरगावी.

हे चूक आहे हे मैनाला ठाऊक होतं. पण त्या आईसमोर बसून ‘सापडत नाही’ असं लिहायला तिचा हात धजायचा नाही. तिच्याकडच्या प्रतीत नावाशेजारी फोटो असतो. त्यात दीपक सव्वीस वर्षांचा, तेल लावून भांग पाडलेला. शेजारच्या रकान्यात वय मात्र दरवेळी वाढायचं. सत्तावीस, तीस, पस्तीस, एकोणचाळीस. ‘गुरुजी, हा पोरगा यादीत म्हातारा होतोय,’ ती एकदा मला म्हणाली. ‘मला रात्री त्याचं पान उघडायचं भय वाटतं.’ मी तेव्हा हसलो होतो.

गेल्या विधानसभेला मी एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून शाळेतल्या मतदान केंद्रात बसलो होतो. काम सोपं. अधिकारी क्रमांक आणि नाव पुकारतो, आपण आपल्या छापील यादीत त्या ओळीवर खूण करायची. दुपारी गावच्या मुंबई मंडळाची गाडी आली आणि चाळीस चाकरमानी एकदम आत घुसले. गडबड, गप्पा, ‘गुरुजी, कसे आहात?’ मी उत्तरं देत होतो आणि पट्टी सरकवत खुणा करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाकाकू दारात आली. प्रत्येक निवडणुकीनंतर यायची. ‘गुरुजी, माज्या दीपकच्या नावावर कोण दुसरा गेला नाय ना?’ मी यादी काढली. चारशे बारावर खूण होती. आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही, मी म्हणालो, ‘दीपकनं मत दिलंय की.’

ती ओट्यावर खाली बसली. मला वाटलं, आनंदानं. मग तिनं विचारलं, ‘किती वाजता?’ मी सांगितलं, मंडळाची गाडी आली तेव्हा.

त्या वेळी ती पऱ्याच्या पाण्यात गोधड्या धुवायला गेली होती. घराला कडी होती. शाळेच्या पायरीवरून तिचं दार समोर दिसतं.

त्या दिवसापासून चिमाकाकूनं दाराला कडी घातली नाही. पऱ्यावर जाणं सोडलं, काजूच्या कारखान्यात जाणं सोडलं, शेजारच्या लग्नालाही गेली नाही. गाडीतल्या चाळीस जणांना तिनं फोन लावून घेतले. दीपकला कोणी पाहिलं नव्हतं. ती म्हणायची, ‘त्येनंच सांगितलं आसंल, सांगू नका म्हणून.’ मैना गेली की एकच बोलणं. ‘शाळंपर्यंत आला, बाय. दार बंद बगितलं आणि परत गेला. चौदा वर्सं मी दारात बसलंय, आणि त्याच दिवशी मी नव्हतंय.’

हरवलेला मुलगा एक गोष्ट. येऊन, बघून, माघारी गेलेला मुलगा ही दुसरी. आधीचं दुःख तिनं कसंबसं अंगवळणी पाडलं होतं. हे मी दिलं.

तिची पुतणी शमिका फोनवर निवडणूक आयोगाच्या पानावर नाव शोधायची. नाव, वडिलांचं नाव, जिल्हा टाकलं की दीपक उमटायचा, यादी भाग, क्रमांक, केंद्र, सगळं बिनचूक. ‘मशिनीत हाय म्हंजे तो हाय,’ चिमाकाकू म्हणायची. मैनानं तिला समजावलं, ‘काकू, माणूस कुठं राहतो म्हणून सांगितलंय तेवढंच यादीत असतं. तो जिता आहे का, ते यादीला कळत नाही. तुम्ही हाय म्हणता, मी लिहिते, आणि तेच फोन तुम्हाला परत दाखवतो.’ हे सांगताना मैनाच रडली.

मग ती माझ्याकडे आली. ‘गुरुजी, तुमची खूण चुकली असेल.’

मी चिडलो. तेहतीस वर्षांचं हजेरीपत्रक तिच्या तोंडावर फेकलं. कोणीतरी बोगस मत टाकलं असेल, म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, ‘तुमची यादी खासगी. खरी प्रत मतदान अधिकाऱ्याची. मत दिलं की नावाखाली लाल रेघ मारतात. ती जिल्ह्याला जपून ठेवतात. अर्ज करून फी भरली की बघता येते. मी अर्ज केलाय. तुम्ही यायचंय.’ मी दोन महिने कारणं सांगत राहिलो. मला भीती वाटत होती, हे आज उघड सांगतो.

शेवटी चैत्रात आम्ही तिघं एसटीनं रत्नागिरीला गेलो. निघताना चिमाकाकूनं दार सताड उघडं ठेवलं आणि शमिकाला ओट्यावर बसवलं. कचेरीत एका कारकुनानं गठ्ठा सोडला, आमच्या केंद्राची पानं काढली आणि टेबलावर ठेवली. चिमाकाकूला वाचता येत नाही. पण फोटो तिनं लगेच ओळखला आणि त्यावर बोट ठेवलं.

त्याच्याखाली रेघ नव्हती. खालच्या ओळीत, चारशे तेराला, शेजारच्या घरातला, मंडळाच्या गाडीनं आलेला शिवा होता. त्याच्याखाली लाल रेघ होती. मी पिशवीतून माझी यादी काढली. माझी खूण चारशे बारावर होती आणि चारशे तेरा कोरं होतं. पट्टी एका ओळीनं वर राहिली होती.

‘ह्याच्याखाली लाल नाय,’ चिमाकाकू म्हणाली.

‘नाही, काकू.’

‘मंग तो आला नव्हता.’

‘नव्हता आला.’

‘मंग माजं दार बंद बगितलं नाय त्येनं.’

‘नाही बघितलं.’

तिनं पदर तोंडात धरला आणि रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा रडली, असं मैना नंतर म्हणाली. मी हात जोडले. काकू, चूक माझी, म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं.

परतीची गाडी पालीला आली. मग चिमाकाकू खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘बाय, त्याचं नाव काड.’

मैना दचकली. ‘काकू, घाई नाही.’

‘काड. रिकामं नाव ठेवलं, म्हणून कोण बी त्याच्यात शिरतंय. उद्या परत कुणीतरी म्हणंल, तुजा दीपक आला होता. मना आता सोसायचं नाय.’

नाव कमी करायचा अर्ज मैनानं तिच्या ओट्यावर बसून भरला. कारणाच्या जागी मृत्यू लिहिता येत नव्हतं, दाखला नव्हता. तिनं लिहिलं, दीर्घकाळ अनुपस्थित. चिमाकाकूनं अंगठा उमटवला आणि शाई कितीतरी वेळ पुसली नाही. शाळेच्या भिंतीवर हरकतीची नोटीस लागली, तेव्हा मी रोज तिथून जायचो. कोणी हरकत घेतली नाही.

यंदा ग्रामसभेत मैना नवी यादी घेऊन उभी राहिली. क्रमांक सगळे सरकले होते, पण घरं त्याच ओळीनं होती. ‘चिमा धोंडू शिवगण.’

‘हाय.’

पुढचं नाव शिवाचं होतं. मैनाच्या समोर ते छापलेलं होतं, पण ती थांबली. अठरा वर्षांची सवय. मीही दुसरा ‘हाय’ ऐकायला कान लावून बसलो होतो. कोणी चिमाकाकूकडे वळून बघितलं नाही, पण सगळ्यांना ती कुठे बसली आहे ते ठाऊक होतं.

‘थांबू नको, बाय,’ ती म्हणाली. ‘वाच पुढं.’