कमळामावशीची रिंग

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत कुणी परदेशी निघालं, की पेढ्यांच्या आधी शेजारची कमळामावशी हजर. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढायची आणि म्हणायची, "आदी फोन दे बाय. पाया मंग पर." पिनेने फोनचा कप्पा उघडून त्यात ती स्वतःचं, दुसऱ्याच कंपनीचं सिम घालायची आणि मला फोन लावायची. माझ्या घरात रिंग वाजली, तरच आशीर्वाद.

मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. लिफ्टमध्ये बोलली तर गच्चीवर ऐकू यावं असा आवाज. पोरं तिला 'सिममावशी' म्हणून चिडवायची. "हसा मेल्यांनो! मना तिकीट नको दाखवू, रिंग वाजवून दाखव," म्हणत तीही हसायची. मला मात्र कधी हसू आलं नाही.

तिचा एकुलता निलेश आखातात कामाला गेला, तो एका कंपनीच्या सिमसकट स्वस्तात मिळालेला फोन घेऊन. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालतच नाही, हे त्याला तिथे उतरल्यावर कळलं. इकडे त्याला पाठवणारा एजंटही फोन उचलेना. आणि त्याच आठवड्यात निलेशचे बाबा बाजारातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी निलेशच्या फोनची वाट पाहिली. शेवटी पुतण्याने अग्नी दिला.

दहावं व्हायच्या आत निलेशने कुणाचा तरी फोन मागून घेतला. त्याला पाठ असलेला नंबर एकच, बाबांचा. मावशीने उचलला. मी शेजारीच होते. तिकडून खुशीतला आवाज आला, "आये, बाबांना दे ना." मावशीने पदर तोंडाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "झोपलेत रं."

खरं काय ते त्याला नंतर काकाने सांगितलं. तो कितीतरी महिने आईशी धड बोलला नाही. "कुनाच्या आयवर ही पाळी नको," एवढंच ती म्हणायची.

माझी लेक शिकायला कॅनडाला निघाली, तेव्हा तिच्या मामाने अमेरिकेहून धाडलेल्या भारी फोनवर रिंग वाजलीच नाही. मावशीचा चेहरा पडला. "लॉक हाय ह्यो. पोरीला अशी नाय पाठवायची!" मामा कुरकुरला, पण त्याच्याकडून मी लॉक काढवून घेतलं. पुन्हा पिन निघाली, रिंग वाजली, तेव्हा कुठे मावशीने लेकीवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

यंदा होळीच्या तोंडावर मावशी सकाळी उठलीच नाही. निलेशचा नंबर तिच्याच फोनमध्ये होता, म्हणून मी त्यावरूनच लावला. पहिल्याच रिंगला त्याने घेतला. "बोल गो आये."

'झोपलीय' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"निलेश, आई गेली रे."



"थांबाल ना माझ्यासाठी?" त्याने विचारलं.

"आम्ही थांबतो. ये तू."

दुसऱ्या दिवशी मावशीला अग्नी निलेशनेच दिला.