नोटेचं झबलं

नोटेला घड्या घालून तिचं बाळाचं झबलं करायला मी मोबाइलवर बघून शिकले. आधी दहाच्या नोटांवर हात बसवला. त्या चुरगळलेल्या नोटा वाणी घेईना. म्हणाला, "ताई, पुड्या बांधता का काय नोटंच्या?" शिरूरला भाड्याच्या खोलीत मी एकटी राहते, रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करते. सुट्टीच्या दिवशी बोलायला कुणी नसतं, मग माणूस नोटेशीही बोलतो. पाचशेची करकरीत नोट सुपरवायझरकडून बदलून घेतली. तिच्यावरचा चष्मा दर वेळी नेमका झबल्याच्या पोटावर यायचा. मी त्याला चार शिव्या घातल्या. सातव्या खेपेला जमलं. दोन बाह्या, गोल गळा, पुढं बारीक चूण.

दौंडला भाच्याचं बारसं होतं. धाकट्या भावाला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगा झाला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. पण भाऊ दीड वर्ष माझ्याशी बोलत नव्हता. वडील गेल्यावर जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर व्हायची, तर हक्कसोड पत्रावर माझी सही हवी होती. सगळ्याच बहिणी करतात. मीही केली असती, जमीन घेऊन मला काय करायचंय! पण तो स्वतः आला नाही, कागद एजंटाच्या हाती पाठवला. माझं डोकं फिरलं. कागद तसाच परत धाडला. तिरसटपणा माझ्या अंगातच आहे. तो महागात पडतो हे मला कळतं, पण नंतर.

बारशाचं आमंत्रण भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. फोन नाही. तरी मी निघाले. झबलं दबू नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवलं. आपला मान आपणच जाऊन घ्यायचा, त्यासाठी बोलावण्याची वाट कसली बघायची, असं एसटीत स्वतःला बजावत होते.

वहिनीनं "या" म्हणून पाणी दिलं. मी सरळ पाळण्याच्या उशाशी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात भावानं मेव्हणीला, वहिनीच्या थोरल्या बहिणीला, हाक मारली.

"ताई, तुम्ही या फुडं. नाव तुम्हीच सांगा."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी बाजूला सरकले. मेव्हणी वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. "मेले गं, बास!" म्हणत ती हसत होती. मला तिचा राग आला नाही. हेवा वाटला, तिच्या पाठीचा.

मग मी डबा उघडला आणि झबलं बाळाच्या छातीवर ठेवलं. वहिनीच्या माहेरच्या एका म्हातारीनं ते उचललं.

"आगं बया, नोटंचं झबलं! बाह्या बी हायेत की. कुणी केलं रं हे?"

भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "शिरूरच्या पाव्हण्या आल्यात, त्यांनी."

लहानपणी ज्याचं नाक मी पदरानं नाही तर फ्रॉकनं पुसलं, त्याची मी पाहुणी. त्या क्षणी कुणी हक्कसोड पत्र पुढं धरलं असतं, तर तिथंच सही ठोकली असती. पण कागद कुणी काढला नाही. भावाला आता माझ्या सहीची गरजही वाटत नसावी.

मी पाळण्यावर वाकले. बाळाला नाव तर मिळालंच होतं. मी त्याच्या कानाशी एवढंच सांगितलं, "मी तुझी आत्या हाय."

लगेच उठले नाही. कुणीतरी एखादी तरी बुक्की घालील म्हणून तशीच वाकून राहिले. मागं बायका घुगऱ्या वाटायला लागल्या होत्या.